जमानतीवरचा पुर्जा

शेलूबाजार
६ जानेवारी २०२६

गफ्फार,

नमस्कार-चमत्कार काही लिवत नाई. चोवीस वर्षांनी लिवून राह्यलो तं सुरुवातीलेच खोटं कायले बोलू? तू मले आवडत नाई अन् मी तुले. तरी कामापुरतं वाच.

तुया पत्ता मदनसिंगनं देला. हळदीचा ट्रक घेऊन तो महिन्यातून दोनदा निजामाबादले जाते. त्यानं रस्त्यानं जाता जाता बोर्ड पाह्यला, 'गफ्फार लेथ वर्क्स, शेलूबाजारवाले'. आता मले सांग, गाव सोडलं तं गावाचं नाव बोर्डावर कायले मिरवतं?

काम असं हाये. आपले उस्ताद भाऊसिंग मिस्त्री जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यायची सून बेबीताई किन्हीराजाले राह्यते. तिनं गोठा पाडायले काढला, अन् कुटाराच्या ढिगाखाली आपलं इंजिन सापडलं. तेच. तांब्याच्या बॉयलरचं, दोन हात लांब, छोट्या लाइनीच्या इंजिनासारखं हुबेहूब. उस्ताद, तू अन् मी, तिघांनी तीन वर्षं घासून केलं ते. भंगारवाल्याले द्यायच्या आधी बेबीताईनं मले फोन केला, एवढी तिची मेहेरबानी. मी जीप करून घेऊन आलो.

समदं हाये. चाकं हायेत, सिलिंडर हायेत, धुराडं थोडं चेपलं हाये. फकस्त पुढं-मागं चालवायचा जोड नाई. ती वाकडी खाचेची कोर, तिच्यातला ठोकळा अन् दोन पिना. ते कुठी हाये हे तुले माहीत हाये अन् मलेही. तू नेलं. साऱ्या बाजाराले माहीत हाये तू नेलं. परत कर.

घाई काहून, तेही सांगतो. मायी वर्षाराणी आठवते? तुया सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची. आता ती शिरपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. फेब्रुवारीच्या अठ्ठावीसले विज्ञान दिन असते. तिनं इंजिन पाह्यलं अन् हट्टच धरला, की बाबा, हे शाळेच्या मैदानात वाफेवर चालवून दाखवू, पोरायनं वाफेचं इंजिन फोटोतच पाह्यलं हाये. साठ-सत्तर पोरं गोल करून बसतीन अन् वाफेची मूठ ती सोता धरीन. मी हो म्हनून बसलो. पोरीपुढं मायी जीभ नाई म्हनायले वळतच नाई.

तवा पुर्जा पाठव. माया नंबर खाली टाकला हाये. बोलायची लाज वाटत असंन तं नुसता पुर्जा पाठव, मी काही विचारनार नाई.

जानराव


शेलूबाजार
१९ जानेवारी

गफ्फार,

उत्तर नाई. मले माहीतच होतं. बाकीच्या चोरायच्या उलट्या बोंबा असतात, तुयी तं बोंबही नाई.

इंजिनाची हकिगत ऐक. ऐकायची नसंन तरी ऐक. घासलेटात आठ दिवस बुडवून ठेवलं. पिस्टन असे चिकटले होते की डाव्या बाजूचा काढता काढता मायं मनगट धरलं. धुराड्याचा चेपका मी आतून लाकडी ठोकळा देऊन हळूहळू उठवला, उस्ताद उठवायचे तसा. चाकं खरादीवर लावून साफ केली. आसाची पितळी बैठक झिजली होती, नवीन ओतली. चतुराबाई रोज दुकानाच्या दारात उभी राहून बोलते. म्हने, चाळीस वर्षं मायं डोकं दुखलं, कधी बाम लावला नाई, अन् ह्या लोखंडाले रोज तेल! मी म्हनलो, हे उलटून बोलत नाई ना, म्हनून.

आता कोरीचं सांगतो. तू पाठवत नाई तं मीच करतो म्हनलं. दोन केल्या. दोन्ही वाया गेल्या. तिचा बाक किती, हे उस्तादानं काढून तुया डायरीत लिवलं होतं, माया नाई. तवा मी हसलो होतो, की ह्याले लेखनिक करून टाकला. आता डोक्यानं बाक काढतो तं ठोकळा एका टोकाले सैल फिरते अन् दुसऱ्या टोकाले अडते. कानशीनं घासून घासून बोटाची चामडी गेली.

वर्षाराणी रविवारी आली होती. तिनं विचारलं, बाबा, ह्या तुकड्याचं एवढं काय हाये? मी तिले दाखवलं. चाकाच्या आसावरून दोन दांड्या येतात, कोरीच्या दोन टोकांले बसतात. कोर खाली केली की इंजिन पुढं जाते, वर केली की मागं. अन् कोरच नसंन तं वाफ सिलिंडरात जायची वाटच उघडत नाई, इंजिन जागचं हालत नाई. ती आयकत होती, अन् मंग एकदम बोलली, "मंग चोरनाऱ्यानं साऱ्या इंजिनातून एवढाच तुकडा काहून नेला? विकायले तं तांबं न्यायचं ना."

मी म्हनलो, "जाऊन त्यालेच विचार." चहाचा गिलास जरा जोरात ठेवला असंन, फुटला. तिनं काचा वेचून घेतल्या.

आन एक. बॉयलर ठनठनीत हाये. बॉयलरले हात लावायचं कामच नाई. तू काही म्हनशीन त्याच्या आधी सांगून ठेवतो.

पुर्जा पाठव.

जानराव


शेलूबाजार
५ फेब्रुवारी

गफ्फार,

तिसरी कोर जमली. पुरी नाई, पन जमली. परवा पंक्चरवाल्याचा हवेचा पाइप लावून इंजिन फिरवलं. चाकं वर उचलून ठेवली होती. आधी खोकल्यासारखं केलं, मंग फिरलं, अन् काय फिरलं बापा! वर्षाराणीनं टाळ्या पिटल्या. चतुराबाई पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली अन् तोंडावर हात ठेवून पाहतच राह्यली. मायं मन भरून आलं. तू पाह्यले पाहिजे होतं, हे मी मनात म्हनलो अन् मंग सोतावरच चिडलो.

पुढं चांगलं जाते. मागं घेतलं की झटका मारते, खडखड करते. तुयी कोर असती तं असं झालं नसतं. घे, म्हनलं.

आता जे सांगतो ते तुयात अन् मायात ठेव.

वर्षाराणीनं कुठीतरी वाचलं, की जुन्या बॉयलरात विस्तव घालायच्या आधी थंड्या पान्याचा दाब देऊन पाहा लागते. मी म्हनलो गरज नाई. तिनं आयकलं नाई, मायीच पोर ती. शेतातला फवारनीचा पंप आनला, नळी जोडली अन् दांडा मारत बसली. वीस पौंडावर सुई गेली तवा मागच्या पत्र्याच्या खालच्या अंगाले थेंब आले. एक नाई, चार-पाच, ओळीनं. मी फडक्यानं पुसले. म्हनलो, नट ढिला हाये, मी आवळतो, तू चहा टाकाले सांग मायले. ती गेली. तिनं माया शब्द मानला. मले लय लागलं ते मनाले.

मंग तिनं आजून एक विचारलं. बेबीताईनं तिले जमानतीची गोष्ट सांगितली म्हने. उस्तादाचा कायदा. ज्या मशीनीत जिवाची खोट दिसली, भांडत बसायचं नाई, तिचा एक पुर्जा काढायचा अन् घरी न्यायचा. मशीन जमानतीवर. खोट निघत नाई तोवर पुर्जा परत नाई. अन् काढनाऱ्यानं पुर्जा परत देला, म्हंजे त्यानं जबान देली, की आता चालवा, माया भरोसा. हरीओमच्या बापाची आटाचक्की आठवते? फिरत्या चाकाले तडा गेलता, तो ऐकत नोता. तू इंजिनाचा वॉल्व खिशात टाकून घरी गेला. आठ दिवस तो तुया दारात बसून शिव्या देत होता, अन् तू आत बसून भाकर खात होता. नवं चाक आनलं तवाच देला तू.

वर्षाराणी म्हने, "बाबा, गफ्फारकाकानं ती कोर जमानतीवर तं नाई नेली?"

मी काय म्हनलो असंन? म्हनलो, "येडी हाये काय तू? खोट असती तं मले दिसली नसती?" उचलली जीभ अन् लावली टाळ्याले. ती माया तोंडाकडे पाहत राह्यली.

अठ्ठावीसले तेवीस दिवस राह्यले. पत्रिका छापल्या शाळेनं. मी काय करू ते तू सांग. नाई, राहू दे. सांगू नको. पुर्जा तेवढा पाठव.

जानराव


शेलूबाजार
२१ फेब्रुवारी

माया गफ्फार भौ,

काल तुयं पार्सल आलं.

चिठ्ठी नाई, चिटोरं नाई. जुन्या कापडाची पुरचुंडी, आत कोर, ठोकळा, दोन्ही पिना. एक गंजाचा ठिपका नाई! चोवीस वर्षं तू त्याले तेल लावत राह्यला, हे मले हातात घेताबरोबर समजलं. मी दुकानाचं शटर अर्धं खाली केलं अन् लहान पोरासारखा रडलो. चतुराबाई विचारे, काय झालं, कोन गेलं? मी म्हनलो, कोनी गेलं नाई, उलट मायं मानूस परत आलं.

कोर बसवली. हवेवर फिरवून पाह्यलं. पुढं जसं, तसंच मागं. खडखड नाई, झटका नाई.

तू चिठ्ठी नाई लिवली तरी मले समजलं. उस्तादाच्या कायद्यानं बोलला तू. पुर्जा परत देला म्हंजे जमानत सुटली. तू जबान देली, की चालव जानराव, माया भरोसा. मले एवढंच पाहिजे होतं.

आता तू एवढं केलं, तं मीही लिवून मोकळा होतो. झाकली मूठ लय दिवस झाकली.

बॉयलरच्या आतल्या ताणाच्या सळया. मागच्या अन् पुढच्या पत्र्याले धरून ठेवतात त्या, नऊ. उस्तादानं सांगितलं होतं, चांदीच्या डागानं जोड. डाग पाच सळयायले पुरला, संपला. अकोल्याचं प्रदर्शन दोन दिवसांवर होतं. राह्यलेल्या चार मी कथलानं जोडल्या अन् वरून तांब्याची पूड चोळली, दिसू नये म्हनून. उस्तादाले दिसलं नाई, त्यायच्या डोयात मोतीबिंदू होता. तुले दिसलं. तू म्हनला, तोड अन् परत कर, नाईतं उस्तादाले सांग. मी म्हनलो, साठ पौंडाले कथील वितळत नाई. तू म्हनला, वितळत नाई पन ढिलं पडते, अन् त्याच्यासमोर मानसं उभी राहनार हायेत.

दुसऱ्या दिवशी कोर नोती अन् तूही नोता. बहिनीकडे निजामाबादले गेला म्हनून समजलं. चार दिवसांनी तुयं कार्ड आलं, 'डाग बदल, पुर्जा पाठवतो.' ते कार्ड मी चुलीत घातलं.

अन् आता सगळ्यात वाईट सांगतो. उस्तादानं मले विचारलं होतं. दुकानात आमी दोघंच होतो. म्हने, "जानराव, गफ्फारनं पुर्जा जमानतीवर तं नाई नेला? काही खोट होती काय बेटा?" माया तोंडून नुसतं 'हो' निघालं असतं तं दोन दिवसांचं काम होतं. मी म्हनलो, "नाई उस्ताद. खोट काहीच नाई. त्यानं चोरला." उस्तादानं पानी मागितलं, पेलं, अन् मरेपर्यंत तुयं नाव घेतलं नाई. मंग बाजारात पसरलं. मी पसरवलं असं नाई, पन कोनी म्हनलं तं आवरलंही नाई. एकदा बोललो की तेच बोलत राहा लागते.

तू चाळीस मैलांवर असता तं मी पाय धरायले आलो असतो. असं मी सोताले सांगत होतो. मदनसिंगचा ट्रक महिन्यातून दोनदा जाते, मले बसायले नाई म्हनला नसता.

तं अठ्ठावीसले सकाळी दहाले विस्तव घालतो. डाग बदलायले आता वेळ नाई, बॉयलर सारा खोलावा लागते. पन तू जबान देली हाये. तुयी जबान कधी खोटी झाली नाई. वर्षाराणी मूठ धरीन, साठ-सत्तर पोरं बसतीन, अन् इंजिन चाललं की मी साऱ्याइच्या समोर तुयं नाव घेईन. कार्यक्रम झाला की बॉयलर खोलून चांदीचा डाग मारतो. उस्तादाची शपथ.

तुया
जानराव


अकोला, दवाखाना
१२ मार्च

नसीम भाभी,

हे पत्र वर्षाराणी लिवून राह्यली. मी सांगतो अन् ती लिवते. माये हात पट्टीत हायेत, डोयावरही पट्टी हाये. मी तिले म्हनलो, जसं सांगतो तसं लिव, सुधरू नको. ती म्हनते, बरं.

तुमी त्या दिवशी फोन केला त्याच्यानंतर काय झालं, ते तुमाले कोनी सांगितलं नसंन. माया जावयानं फक्त 'लागलं हाये' एवढं कळवलं. सारं ऐका.

शाळेच्या मैदानात चुन्यानं गोल काढला होता. पोरं गोलाच्या बाहेर मांडी घालून बसली होती. मी दहाले कोळसा पेटवला. सुई हळूहळू चढली, वीस, तीस. वर्षाराणी इंजिनाजवळ गुडघ्यावर बसली होती, हात मुठीवर. पोरं मोठ्यानं सुईचे आकडे म्हनत होती. मले लय आनंद होत होता, भाभी, अन् माया पाठीले घाम सुटला होता. दोन्ही खरं हाये.

फोन वाजला. नंबर ओळखीचा नोता, मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तवा वर्षाराणीच म्हनली, बाबा, घ्या ना, कोनाचं काम असंन. दोनदा कापला नसता तं किती मिनिटं वाचली असती, हे मी अठी पडल्या पडल्या मोजत राह्यतो.

तुमी म्हनल्या, "जानराव भाई, आग लगाई क्या?" चोवीस वर्षांनी तुमचा आवाज, तरी मी ओळखला. मी म्हनलो, हो भाभी, गफ्फारले फोन द्या. तुमी म्हनल्या, "इनो नवंबर में गुजर गए. पुर्जा मैं भेजी. इनो कुछ पास नहीं किए. बुझाओ उसको."

नोव्हेंबरात गेला तो. मी पहिलं पत्र जानेवारीत लिवलं. म्हंजे ज्या मानसाले मी शिव्या लिवल्या तो कवाचा मातीत होता, अन् त्या शिव्या तुमी वाचल्या. इद्दतीत, नवऱ्याच्या दुखवट्यात घरी बसून वाचल्या. मंग तुमी काय करनार होत्या? हे लोखंड घे बापा अन् आमाले सुखानं बसू दे, म्हनून पेटीतून काढून पाठवून देलं. तुमचं काही चुकलं नाई. जमानतीचा कायदा मी पत्रात लिवला, पन ही कोर जमानतीवर होती हे त्यातच नाकारलं, तुमाले कसं समजनार? मले माहीत होतं, म्हनून मी फसलो. न बोललेल्या मानसाच्या तोंडी मी मायी सोय घातली.

सुई पंचेचाळीसवर होती. मी वरडलो, "उठा! मागं पळा सारे!" पोरं हसली, त्यायले वाटलं कार्यक्रमातलंच हाये. वर्षाराणी उठेना. म्हने, काय झालं ते सांगा आधी. मले तिच्या तोंडावर सांगा लागलं, सगळ्यायच्या देखत, मास्तरायच्या देखत: "आतला डाग कथलाचा हाये. मीच लावला. गफ्फारनं चोरी केली नोती, त्यानं जमानतीवर नेलं होतं. पळ माय, पळ."

तिनं माया तोंडाकडे एकदा पाह्यलं. ते पाहनं मी विसरत नाई. मंग तिनं शिट्टी फुंकली अन् पोरायले रांगेनं शाळेच्या भिंतीमागं नेलं. एकही पोर मागं ठेवलं नाई तिनं, भाभी. मोजून नेली.

मी विस्तव ओढायले बसलो. विस्तव काढल्याशिवाय सुई उतरत नाई. अर्धा काढला होता. सुई थांबली होती, मले वाटलं निभावलं. तेवढ्यात ती परत आली मले ओढायले. "बाबा, सोडा ते," म्हनत होती. मी तिले खांद्यानं मागं ढकललं अन् मागचा पत्रा फाटला.

आवाज काही लय मोठा नोता. कपडा फाडल्यासारखा. वाफ अन् विस्तव माया तोंडावर आला. तिच्या कोपरावर एक फोड आला, बस, एकच. मी तिले पुन्हा पुन्हा विचारतो, एकच ना? ती म्हनते, हो.

चतुराबाई दवाखान्यात येते, डबा ठेवते, पांघरून सारखं करते, पन बोलत नाई. आज बारा दिवस झाले. तिनं तुमाले रक्षाबंधनाले घरी जेवायले बोलावलं होतं, आठवते ना, त्या साली? माया एका शब्दापायी तुमची तिची जोडी तुटली. तिनं न बोललेलंच बरं.

मदनसिंगले मी बोलावून घेतलं अन् सांगितलं, की बाजारात, बस स्टँडवर, चहाच्या टपरीवर, जिथं जिथं गफ्फारले चोर म्हनलं तिथं तिथं जाऊन मायं नाव सांग. त्यानं सांगितलं म्हने. एक-दोघं म्हनले, जाऊ द्या, जुनी गोष्ट. गोष्ट जुनी असंन, पन तिचा आळ माया गळ्यात नोता भाभी, तुमच्या गळ्यात होता.

माफी मागतो असं लिवायले मले तोंड नाई. गफ्फारनं मले माफ केलं असतं. हे वाक्य वर्षाराणी लिवत नोती. म्हने, बाबा, हे तुमी म्हनायचं नाई, म्हनायचंच असंन तं भाभी म्हनतीन. मी म्हनलो, बरं, खोड. तिनं खोडलं नाई, म्हने, राहू द्या, त्यायले दिसू द्या तुमी कसे हायेत ते.

पट्टी सोमवारी सुटते म्हनतात. सुटली की मदनसिंगच्या ट्रकमधी बसून निजामाबादले येतो. कब्रस्तान दाखवा मले. दुसरं काही मागत नाई.

जानराव


नसीमकाकू,

यापुढचं मी माझं लिहिते आहे. बाबांना वाटतंय मी पाकीट चिकटवते आहे.

तुम्ही फोन केला नसता तर भिंतीमागे नेलेली सत्तर मुलं त्या चुन्याच्या रेघेवर बसलेली असती आणि मी मुठीवर हात ठेवून. बाबांचं शेवटचं पत्र तुम्हाला अठ्ठावीसच्या सकाळी मिळालं, असं तुमच्या मुलाने सांगितलं. तुम्ही ते रागाने न वाचता बाजूला टाकलं असतं तरी कोणी दोष दिला नसता. आधीची तीन पत्रं वाचूनही तुम्ही चौथं उघडलंत.

काकांना मी चोर मानलं. दहा वर्षांची होते तेव्हापासून. मोठी झाल्यावर शंका आली, पण विचारायला घाबरले, कारण उत्तर बाबांचं असणार होतं. फवारणीच्या पंपाने दाब दिला त्या दिवशी मी थेंब पाहिले होते. नट तिथे नव्हताच. मला ते कळलं होतं आणि तरी मी चहा टाकायला गेले. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पट्टी सोमवारी सुटणार हे खरं आहे. पण डॉक्टरांनी मला आणि आईला बाहेर बोलावून सांगितलं, दोन्ही डोळे गेले आहेत. बाबांना सांगायचं धैर्य मला होत नाही. आई म्हणते, मी सांगते, आणि मग दारापर्यंत जाऊन परत फिरते. म्हणून ती त्यांच्याशी बोलत नाही, काकू. राग नाही तो.

त्यांना इतक्यात प्रवास जमणार नाही. तुमची इद्दत या महिनाअखेर संपते, असं तुमच्या मुलाने सांगितलं. त्यानंतर कधी मनात आलं, आणि आलं तरच, तर इकडे या. वॉर्डात सोळा खाटा आहेत, बाबा खिडकीजवळच्या आहेत. दारातूनच बोलत या, म्हणजे कोण आलं ते त्यांना कळेल.

वर्षाराणी